कुठंच नसलेली टेकडी

२० ऑक्टोबर २०२४

आक्का,

जय भीम. आईला आधी सांग की मी बरा आहे, पोटभर जेवतोय आणि तिनं दिलेली कानटोपी डोक्यावरून उतरत नाही.

आम्ही वर पोचलो. आता उतरायचं ते मार्चमध्ये. मोबाईल खाली जमा करून घेतलेत. पत्रं मात्र येतात-जातात. सामान घेऊन वर येणारी माणसं ती आणतात आणि परतताना आमची नेतात. हवा बिघडली की तेही बंद. त्यामुळं उत्तराला उशीर झाला तर निपाणी डोक्यावर घेऊ नका. आणखी एक. इथली पत्रं उघडून वाचली जातात. मी कुठं आहे, समोर काय आहे, किती जण आहोत, यातलं काही विचारू नकोस. मी सांगणारही नाही.

मग लिहायचं काय, तर लढाई. पूर्वी आपण पलंगाखाली मांडायचो तीच. तू दातांच्या कवळ्यांच्या लॅबमधलं उरलेलं प्लॅस्टर आणायचीस, मी टाचण्यांचे शिपाई करायचो आणि आई दोघांनाही झाडूनं हाणायची. आता पत्रातून खेळू. तू घरी टेकडी मांड, मी इथं पुठ्ठ्यावर लहान मांडतो. टेकडी माझी, हल्ला तुझा. प्रत्येक पत्रात एक चाल. दोघांचे शिपाई समोरासमोर आले की कवड्या आईनं टाकायच्या, कारण तू लबाडी करतेस.

टेकडी अशी कर. माथा चिंचोळा. माथ्यापासून एक सोंड खाली उतरते, तिच्यावर राहायचे तंबू. सोंडेच्या शेजारी, उगवतीच्या अंगाला, एक खळगा. त्यात लंगर, म्हणजे स्वयंपाकाचा तंबू. लंगराच्या मागून उतरण थेट माथ्यापर्यंत चढते. तिचा हिशोब काडेपेट्यांनी कर : पाच आडव्या, तर चार वर. वारा मावळतीकडून. तो माथ्यावरचा बर्फ उचलून उगवतीकडं टाकतो, म्हणून त्या उतरणीवर बर्फ जाड दाखव.

ही टेकडी कुठंच नाही. मी मनानंच केली आहे.

तुझा,
यशपाल

---

१० नोव्हेंबर २०२४
निपाणी

यशा,

तुझी टेकडी झाली, पण दुसऱ्या खेपेला. पहिली मीच मारली. शेजारच्या रूपालीकडं नवा फ्रीज आला, त्याचं थर्माकोल मागून आणलं, सुरीनं तासलं आणि घाईत रंगाचा स्प्रे थेट त्यावर मारला. टेकडी फसफसली आणि माझ्या देखत खाली बसली. आई म्हणाली, "लढाईच्या आधीच हरलीस की गं!" आता शहाणी झाले. थर्माकोलवर आधी फेव्हिकॉलमध्ये बुडवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या, त्या वाळल्या की रंग. माती म्हणजे वाळवलेला चहाचा चोथा. खडक लॅबमधले. दातांचे जुने ठसे फोडून टाकलेत. एका खडकाकडं नीट बघितलं तर दाढ दिसते.

बर्फाला आधी मीठ वापरलं, ते दोन दिवसांत ओलं झालं. मग आईचा रवा घेतला. ती देईना. म्हणाली, "उप्पिटाचा रवा डोंगरावर वतायचा व्हय?" तुझं नाव घेतल्यावर डबाच काढून दिला.

जागेची अडचण तुला माहीत आहे. टेबलावर माझं काम असतं, म्हणून टेकडी घरघंटीवर ठेवली आहे. आई दळण दळते तेव्हा थोडी हलते, पण शिपाई टोचलेले असल्यामुळं पडत नाहीत.

माझी पहिली चाल : चार निळ्या टाचण्या मावळतीच्या नाल्यातून वर. तुझ्या पहाऱ्याशी गाठ पडली. आईनं कवड्या टाकल्या, माझ्या बाजूनं पडल्या. आईनं त्या उचलल्या आणि म्हणाली, "हात घसरला." परत टाकल्या. परत माझ्या बाजूनं. "ह्या कवड्याच खराब हायत." तिसऱ्यांदा तुझा शिपाई वाचला तेव्हा कुठं ती गप्प बसली. मी हरकत घेतली नाही.

एक विचारते आणि पुन्हा विचारणार नाही. मनानं केलेल्या टेकडीवरचा वारा कुठून येतो आणि बर्फ कुठं टाकतो, हे तुला इतकं कसं ठाऊक?

आईला मी टेकडी खोटी आहे असंच सांगितलंय.

उपासना

---

१ डिसेंबर २०२४

आक्का,

वारा हा धुरासाठी लागतो. धुराच्या आडून हल्ला करतात, माहीत नाही? आता विचारू नको म्हटलं की विचारू नको.

इथं तुझ्या पत्राची वाट बघणारा मी एकटा राहिलो नाही. आमचा स्वयंपाकी रवळू, लोंढ्याजवळच्या गावचा. घरी भातशेती, बोलणं तिखट. मी पुठ्ठ्यावर टाचण्या हलवत होतो तेव्हा मागं येऊन उभा राहिला. "ह्यात मी कुठं हाय?" म्हटलं, स्वयंपाकी लढाईत नसतो. "मग तुमी काय वारा खाऊन लढताय?" त्यामुळं आता एक पिवळी टाचणी लंगरात लाव. तो रवळू. झोपतोही तिथंच. स्टोव्हची ऊब असते, आणि सगळ्यांच्या घोरण्यापेक्षा बरं, असं त्याचं म्हणणं.

तुझी नाल्यातली फौज मला दिसली आहे. माझी चाल : सोंडेवरचे तीन लाल शिपाई नाल्याच्या तोंडावर. रवळूचा निरोप असा : "आक्कांना सांगा, जिंकला तर उप्पीट करून घालतो. हरला तर स्वतःचं स्वतः करून खावा."

इथं हवा कोरडी आहे. नखांच्या कडा फुटतात. बाकी मजेत.

यशपाल

---

१९ डिसेंबर २०२४
निपाणी

यशा,

तुझी चाल मिळाली. ती सध्या बाजूला ठेवते, कारण टेकडीवर वेगळंच घडतंय.

परवा आई रूपालीचं जोंधळ्याचं दळण दळत होती. घरघंटी सुरू झाली, बोर्ड थरथरला आणि लंगराच्या मागच्या उतरणीवरचा रवा सुटला. घरंगळला नाही. वरच्या कडेला एक चीर पडली आणि खालचा सगळा पापुद्रा एकदम निघाला. लंगर म्हणून ठेवलेली काडेपेटी पिवळ्या टाचणीसकट दिसेनाशी झाली. तुझे राहायचे तंबू होते तिथंच.

मी रवा गोळा करायला लागले तर आई म्हणाली, "पयल्यांदा न्हाय पडलेला. दळण असलं की पडतोयच. मीच चमच्यानं वर भरतीया."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुझ्या खेळातलं मला काय कळतंय? मला वाटलं शत्रू असंल."

मला हसू आलं. पण नंतर बोर्ड खाली जमिनीवर ठेवला आणि बोटानं नुसती टिचकी मारली. तीच चीर, तीच काडेपेटी. बाकीच्या उतरणी जास्त उभ्या आहेत, त्यांच्यावर रवा थांबतच नाही, म्हणून पडायला काही नसतं. जिथं पातळ आहे तिथं तो चिकटून बसतो. तू जाड दाखवायला सांगितलेल्या जागी मात्र साठतो आणि सुटतो.

आईनं तेव्हा मला वखारीतलं सांगितलं. ती तंबाखू चाळायला जायची तेव्हाचं. भुकटीचे ढीग माणसाहून उंच असायचे. राजाबाई नावाची बाई ढिगाच्या पायथ्याला डबा खायला बसायची, कारण तिथं ऊन लागायचं नाही. एके दिवशी कोणीतरी दार जोरात लावलं आणि ढीग तिच्यावर आला. बायकांनी हातांनी उपसून काढली. वाचली, पण नंतर तिला कधी नीट श्वास घेता आला नाही. आई म्हणाली, "सावली बघून बसली बिचारी. वर काय हाय ते बघितलं न्हाय."

तिनं हे टेकडीबद्दल सांगितलं नाही. तिला सहज आठवलं. मला मात्र त्या दिवसापासून घास गोड लागत नाही.

माझी चाल अशी. मी तुझ्या लंगरावर हल्ला जाहीर करते आणि तुला आधी कळवते. खळगा सोड. लंगर सोंडेवर ने. कुठंच नसलेल्या टेकडीवरचं एवढं माझ्यासाठी कर.

उपासना

---

६ जानेवारी २०२५

आक्का,

असं पत्र पुन्हा लिहू नकोस. मी पहिल्याच पत्रात काय लिहिलं होतं ते काढून वाच.

रवा म्हणजे बर्फ नव्हे. थर्माकोल म्हणजे डोंगर नव्हे. तू कवळ्या चांगल्या बनवतेस, पण म्हणून तोंडात खरे दात उगवत नाहीत. खेळात लंगर कुठं ठेवायचं याला कारणं असतात. खळग्यात वारा लागत नाही, स्टोव्ह पेटतो. पाण्यासाठी चांगला बर्फ तिथंच हाताशी. कोणीही तिथंच ठेवेल, माझ्या आधीच्यांनीही तिथंच ठेवलं असतं. आणि असल्या गोष्टी एकट्या माझ्या हातात नसतात. वर साहेब असतात. त्यांना काय सांगू, बहीण घरघंटीवर युद्ध करते म्हणून?

आईसमोर हे बोललीस ते तर फारच चुकलं. तिची झोप किती हलकी आहे ते तुला माहीत आहे.

रवळूला तुझं पत्र वाचून दाखवलं. खूप हसला. म्हणाला, "आमच्या तंबूवर रोज सकाळी पीठ सांडल्यागत असतंय, ते झाडून मगच चहा ठेवतो. आक्काच येऊन टाकून जातात म्हणा की!"

माझी चाल : मी खळगा सोडत नाही. दोन शिपाई आणखी तिकडं पाठवतो. तू कर हल्ला.

यशपाल

---

२२ जानेवारी २०२५
निपाणी

यशा,

रोज सकाळी पीठ?

तुझं पत्र मी मोठ्यानं वाचत होते. आई तांदूळ निवडत बसली होती. रवळूचं ते वाक्य मी वाचायला नको होतं, पण तोंडातून निघून गेलं. आईचा हात थांबला. तिनं विचारलं, "खोट्या डोंगरावर सकाळी चहा कोण ठेवतंय?"



तिनं उठून पिवळी टाचणी काढली आणि हळदी-मसाल्याच्या डब्यात टाकली. तिच्यामागं तुझे दोन शिपाईही काढले. आता ती कवड्या टाकत नाही. दळणं घेत नाही. रूपालीला तिनं सांगितलं, घरघंटी बिघडली. बोर्डाला हात लावायची तिला भीती वाटते, माझ्यापेक्षा जास्त.

पुढचं ती सांगते तसं लिहिते, एक अक्षर न बदलता.

"यशा, तू शाना हायस, तुझा सायब तुझ्यापरीस शाना असंल. म्या शिकले न्हाय. पर हितं वीस वरसं भुकटी चाळली. सकाळी माणसाच्या अंगावर भुकटी पडायला लागली की समजायचं, वर कायतरी सुटाय लागलंय. आधी बारीक येतंय. मग येतंय ते बारीक नसतंय. रवळूच्या आईला दुसरा रवळू हाय का? तू त्येला तिथनं उठीव. तुला भांडावं लागलं तर भांड. मार खावा लागला तर खा. म्या तुझ्याकडं कधी कायबी मागितलं न्हाय."

एवढंच. ही आपली चाल आहे, आईची आणि माझी मिळून.

उपासना

---

१२ फेब्रुवारी २०२५
निपाणी

यशा,

तुझं पत्र नाही. सामान घेऊन येणारी माणसं अडकली असतील, हे मला कळतं.

सोमवारी कानडी चॅनलवर बातमी लागली. वर कुठंतरी बर्फ कोसळला. कुठं ते सांगितलं नाही, नावं सांगितली नाहीत. एक पांढरं चित्र परत परत दाखवत होते, ते मागच्या वर्षीचं असावं. आईनं आवाज बंद केला आणि नुसतं बघत बसली. मी तुझ्या युनिटच्या खालच्या ऑफिसला फोन लावत होते. लागत नव्हता. मग लागला तेव्हा पलीकडून कोणीतरी "सब ठीक है" म्हणून ठेवून दिला. मी माझं नाव सांगायच्या आधीच. कोणाचं ठीक?

लॅबमध्ये आज एका म्हाताऱ्याची कवळी माझ्या हातून मोडली. मालकांनी मला घरी पाठवलं.

हे पत्र टाकते. तू वाचशील असं धरून चालते.

उपासना

---

४ फेब्रुवारी २०२५
(निपाणीत १७ फेब्रुवारीला पोचलं)

आक्का,

तुमचं पत्र आलं तेव्हा साहेबच पत्रं वाटत होते. माझ्या हातात देताना म्हणाले, "मी वाचलंय." मला वाटलं, संपलं आता. रजा गेली, बाहीवरची पट्टी गेली.

साहेब वयानं माझ्याएवढेच आहेत. ते म्हणाले, "ती टेकडी कुठंच नाही ना? मग मला दाखवायला हरकत काय?" फौजेत लढाईआधी वाळूचा नकाशा मांडतातच, त्यामुळं त्यांना यात खुळेपणा वाटला नाही. मी फळी घेतली, पाच काडेपेट्या आडव्या, चार वर, अशी टेकवली. लंगरातला रवा पसरला. साहेब, मी, रवळू, तिघंही टक लावून बसलो. टिचकी मारली. काही नाही. बुक्की मारली. दोन-चार कण घरंगळले. रवळूनं पाय आपटला. रवा भिंतीला चुना लावावा तसा चिकटून.

साहेब हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे सांगितलं, "लंगर सोंडेवर नेलं तर वाऱ्यानं स्टोव्ह विझेल, पाणी लांब पडेल, माणसं गार खातील आणि आजारी पडतील. ते नुकसान नक्की आहे. तुझं नुकसान अजून रव्यातच आहे, आणि तोही पडत नाही."

 ते बरोबरच बोलत होते.

रवळू म्हणाला, "मी काय हलत न्हाय. तुमच्या आक्का लढाईत हरायल्यात, म्हणून ही भानगड काढल्या."

पण मला राहवत नाही. छतावरचं पीठ मी आता स्वतः जाऊन बघतो. रोज असतं. आदल्या दिवशीपेक्षा जास्त असतं. तुमचा रवा पळतो आणि आमचा का पळत नाही? मापं तीच. तू माप चुकलीस का? रवा कुठला होता, जाड की बारीक? आईला विचार. नक्की विचार. साहेब दुसऱ्यांदा बघायला तयार होतील, तिसऱ्यांदा होणार नाहीत.

यशपाल

---

१८ फेब्रुवारी २०२५
निपाणी

यशा,

तुझं चार तारखेचं पत्र काल आलं. तू ते बातमीच्या आधी लिहिलेलं, हे मला पाकीट बघताच कळलं. तुझं अक्षर बघून आई रडली आणि मी तिला सांगू शकले नाही की हे जुनं आहे.

मी विचारलं, "आई, आपला रवा कसला होता?"

"कसला म्हंजे? रवा तो रवा."

"जाड की बारीक?"

"बारीक. भाजून ठेवलेला. पोरकिडं होतात न्हायतर. मी कच्चा कधी ठेवतीया?"

यशा, रवा भाजलेला होता! तुमचा कच्चा, आणि स्वयंपाकाच्या तंबूत वाफ खाऊन ओलावलेला. तो चिकटणारच. मला मिठाच्या वेळीच कळायला हवं होतं. आई म्हणाली, "वली भुकटी धरून बसती, वाळली की पळती. हे काय सांगायचं असतंय?" तूच लिहिलं होतंस, तिथली हवा कोरडी आहे, नखं फुटतात. तिथला बर्फ मुठीत धरून गोळा होतो का बघ. नाही झाला तर तो भाजलेला रवा आहे.

पण हे पत्र तुला मिळायला पंधरवडा लागणार. म्हणून मी सकाळीच परत खालच्या ऑफिसला फोन लावला. यावेळी आधी तुझा नंबर सांगितला. पलीकडचा क्लार्क म्हणाला, नायक यशपाल ठीक आहे, ती बातमी दुसरीकडची. मी त्याला दोनदा विचारून घेतलं. मग म्हटलं, त्याच्यासाठी एक निरोप आहे, वायरलेसवर पाठवायचा.

"बोलिए."

"माँ ने कहा है, रवा भुना हुआ था।"

 मग, "मॅडम, ये लाइन रेसिपी के लिए नहीं है।"

मी म्हटलं, घरचा निरोप आहे, तब्येतीचा निरोप पाठवता ना, तसा. तो म्हणाला, "तब्येत किसकी? रवे की?" मागं कोणीतरी हसलं. मी विनवलं. तो म्हणाला, बघतो. तेवढ्यात आईनं माझ्या हातातून फोन घेतला. तिला हिंदी येतं तेवढंच येतं. ती म्हणाली, "बेटा, तुम्हारी माँ है ना? उसका बोला हुआ तुम लिखता नहीं क्या?"

 मग त्यानं शब्द परत विचारून लिहून घेतले. पाठवलं की नाही, मला माहीत नाही. पाठवलं तर तुला अर्थ लागेल की नाही, तेही माहीत नाही.

साहेब म्हणतील, डोंगर हलवायला तिथं घरघंटी नाही. त्यांना विचार, हेलिकॉप्टर येतं ना?

उपासना

---

२४ फेब्रुवारी २०२५

आक्का,

निरोप मिळाला. रात्रीच्या जेवणाआधी सगळे लंगरात जमलेले असताना ऑपरेटरनं तो वाचला, त्या क्लार्कनं इंग्रजी करून पाठवलेला : "मदर सेज रवा वॉज रोस्टेड." आधी सगळे एकमेकांकडं बघत राहिले, मग जे हसले! एकानं विचारलं, हा कोडवर्ड आहे का. मी साहेबांकडं बघितलं. ते हसत नव्हते.

ते रवळूला म्हणाले, "भाज."

रवळूनंच भाजला, मी करपवीन म्हणून. तीच फळी, तीच मापं. गार होऊ दिला आणि पसरला. मी टिचकी मारायला बोट पुढं केलं. त्याआधीच रवळूनं हातातली कढई खाली ठेवली, आणि तेवढ्या धक्क्यानं सगळा पापुद्रा उतरून त्याच्या पायांवर आला.  साहेबांनी स्वतः परत पसरला. परत तेच. मग ते एकटेच बाहेर गेले. मी पडद्याच्या फटीतून बघत होतो. त्यांनी उतरणीच्या पायथ्याचा बर्फ मुठीत घेतला आणि दाबला. मूठ उघडली तर तो बोटांमधून वाहून गेला.

आत येऊन एवढंच म्हणाले, "उजाडताच लंगर उचलायचं. आज रवळू आमच्या तंबूत झोपेल."

मी हे लिहितोय त्यावर साहेबांचं म्हणणं असं, की टेकडी कुठंच नाही, तेव्हा तिच्यावर काय झालं ते लिहायला हरकत नसावी.

लंगर आता सोंडेवर आहे. साहेब म्हणाले होते ते सगळं खरं झालं. स्टोव्ह विझतो. पाण्याचा बर्फ आणायला लांब जावं लागतं, दोरी धरून, एकेकट्यानं. चहा तोंडाला लागेपर्यंत गार. दोघांना खोकला झालाय. आणि खळग्यात काहीसुद्धा पडलेलं नाही. रवळू रोज सकाळी मला विचारतो, "काय नायक, कुठाय तुमचा रवा?" सगळे हसतात. काल एकानं साहेबांना ऐकू जाईल असं म्हटलं, "एका बाईच्या घरघंटीनं आम्हाला गारठवलं." साहेबांनी ऐकलं. मला वाटतं, तेही आता वाट बघून थकलेत. आज मला म्हणाले, "आणखी दोन दिवस बघू."

दोन दिवसांनी परत खाली गेलो तर मी काय करू, मला सुचत नाही. आईला सांग, मी भांडेन.

यशपाल

२७ फेब्रुवारी

पत्र अजून इथंच आहे, सामानवाले आले नाहीत. म्हणून त्यातच पुढचं लिहितो.

काल दिवसभर वारा होता. आज सकाळी उघडलं. साहेब म्हणाले, हेलिकॉप्टर येऊन गेलं की लंगर परत खळग्यात. रवळूनं भांडी बांधायलाही घेतली होती. हेलिकॉप्टर आलं, रॉकेलचे डबे टाकले, वळून गेलं. त्याचा आवाज ऐकू येईनासा झाल्यावर दुसरा आवाज आला. मोठा नव्हता. फरशीवरून भरलेलं पोतं ओढावं तसा. आम्ही वळून बघेपर्यंत खळगा नव्हता. म्हणजे खळगाच उरला नाही, सपाट झाला. लंगराच्या जुन्या जागेजवळ रॉकेलचं रिकामं पिंप उभं होतं, माझ्या छातीएवढं. ते कुठं होतं हेही आता दाखवता येत नाही.

साहेबांनी हजेरी घेतली. नावं घेताना त्यांचा आवाज नीट होता, पण रवळूचं नाव त्यांनी दोनदा घेतलं. दोन्ही वेळा तो "जी साब" म्हणाला. सगळे होते.

रवळू बांधलेल्या भांड्यांवर बसून राहिला होता. मी त्याच्याजवळ गेलो. त्यानं विचारलं, "आईचं नाव काय तुमच्या?" म्हटलं, रुक्माबाई. त्यानं मान हलवली. मग उठला, गाठोडं सोडलं आणि स्टोव्हला पंप मारायला लागला. तीनदा विझला. कोणीतरी जाऊन त्याच्या बाजूला घोंगडी धरून उभा राहिला.

दुपारी जेवलो. भात कच्चा होता, मधे अक्षरशः कडक.  साहेबांनी दुसऱ्यांदा वाढून घेतला.

यशपाल